तुझ्या फोटोला कांद्याची माळ

ताई, शोकसभेत त्यांनी तुझ्या फोटोला कांद्याची माळ घातली.

झेंडूचा हार आधीच होता. त्याच्यावर ही माळ. आपल्या पांढऱ्या कांद्याची, पातीची वेणी घालून गुंफलेली, काशीदच्या समुद्राकडे जाणाऱ्या गाड्या थांबाव्यात म्हणून आपण रस्त्याकडेला टांगतो तशीच. आणि ती माळ मीच विणलेली होती. तुमच्या कॉलेजच्या अध्यक्षांचा माणूस आदल्या दिवशी येऊन ‘मॅडमच्या कार्यक्रमाला पाहिजे’ म्हणून घेऊन गेला. मला वाटलं, बाहेरून आलेल्या पाहुण्यांना भेट द्यायची असेल. मी चांगले टपोरे कांदे निवडून दिले. त्यांच्या वजनानं तुझा फोटो एका बाजूला कलला. शिपायानं मागं डस्टर लावून तो सरळ केला आणि कार्यक्रम पुढे चालू झाला.

मला तेव्हापासून राग आलाय आणि तो उतरत नाही. स्वयंपाक करताना येतो, कांदे निवडताना येतो, कुणी ‘फार मोठं माणूस गेलं हो’ म्हणालं की फारच येतो. रडायला जावं तर रडूही धड येत नाही, मधेच दात आवळले जातात. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘पाणी पी आणि सांग, राग नक्की कुणावर आहे?’ तर ऐक. बऱ्याच जणांवर आहे. त्यात तूही आहेस.

ज्या कांद्यात औषधी काही नाही असं तू भर सभेत सांगितलंस, तोच कांदा तुझ्या गळ्यात. हा विनोद तुला आवडला असता. मला नाही आवडला.

तुला आठवतं का, तू आमच्या चुलीवर दोन पातेली ठेवली होतीस? एकात लाल कांद्याची साल, दुसऱ्यात आपल्या पांढऱ्या कांद्याची. तू कॉलेजात औषधशास्त्र शिकवायचीस, झाडपाल्यातल्या औषधांवर प्रयोग करायचीस, पण तुझं काम नक्की काय हे मला तोवर कळलं नव्हतं. सुधीरचं जुनं बनियन फाडून तू दोन पट्ट्या केल्यास, एकेका पातेल्यात एकेक बुडवलीस. लाल सालीच्या पाण्यातली पट्टी बाहेर आली ती छान पिवळी, हळदीत बुडवल्यासारखी. पांढऱ्याच्या पाण्यातली पांढरीच राहिली. सुधीर घरी आल्यावर बनियन शोधत बसला आणि तू त्याला ती पिवळी पट्टी दाखवून म्हणालीस, “भावजी, वाया नाही गेलं. विज्ञानाच्या कामी आलं.”

मग तू मला समजावलंस. म्हणालीस, हा जो पिवळा अंश आहे त्याला फ्लॅव्होनॉइड म्हणतात, आणि कांद्यातला तो सगळ्यात जास्त असतो सालीत. एखादं विष पोटात गेलं की यकृत ते फोडायला बसतं, आणि त्या फोडाफोडीत यकृतालाच आतून गंज चढायला लागतो. हा पिवळा अंश तो गंज स्वतःवर घेतो. मी म्हटलं, “म्हणजे आपल्या फाटकाला लावतो ते रेड ऑक्साइड.” समुद्राच्या वाऱ्यानं आपल्याकडे लोखंडाचं काय होतं ते तुला सांगायला नकोच होतं. तू इतकी खूश झालीस! म्हणालीस, “व्हय गो, तेच. पण रंग गंजायच्या आधी लावायचा असतो. गंज खाऊन भोक पडल्यावर नाय.” पुढे तू वर्गातही हेच उदाहरण देऊ लागलीस, आणि दर वेळी माझं नाव सांगायचीस. कांदेवाल्या बहिणीचं नाव कॉलेजच्या फळ्यासमोर घेणारी तू एकटीच असशील.

तुझे उंदीर असेच वाचायचे. आधी काही दिवस सालीचा अर्क, मग विष. ज्यांना अर्क मिळाला नव्हता त्यांची यकृतं फिकी, ठिपक्याठिपक्यांची निघायची. ज्यांना मिळाला होता त्यांची बऱ्यापैकी लाल. उंदीर मारायच्या दिवशी तू जेवायची नाहीस. मला ते ढोंग वाटायचं आणि मी ते तोंडावर बोललेही होते. तू म्हणालीस, “ढोंगच हाय. उंदराला त्याचा उपयोग काय?” आणि तरी जेवली नाहीस.

आता राग क्रमानं सांगते.

पहिला आपल्या लोकांवर. गावातल्या कांदेवाल्यांच्या बैठकीत तुला मानानं बोलावलं होतं. सगळ्यांना एकच ऐकायचं होतं, की आपली डॉक्टर झालेली पोर म्हणेल, पांढरा कांदा यकृताला अमृत आहे. तू उभी राहिलीस आणि सांगितलंस, की तुम्ही ज्याला औषध म्हणता तो अंश पांढऱ्या कांद्यात नाहीसारखाच आहे. लालमध्ये आहे, आणि तोही आपण फेकतो त्या सालीत जास्त. पांढऱ्याची चव जगात नाही, पण चव म्हणूनच विका. बैठकीत कुणी टाळी वाजवली नाही. येताना हिराआत्या, आपल्या बाबांची सख्खी बहीण, मागून म्हणाली, “शिकून शहाणी झाली न् घरच्याच पिकाला बट्टा लावला.” तुला वाईट वाटलं होतं. तू दाखवलं नाहीस, पण घरी आल्यावर तू कांदाच मागितलास, मुठीनं फोडलेला, मीठ लावून, आणि भाकरीबरोबर खात बसलीस. तुला पांढरा कांदा किती आवडायचा हे त्या बैठकीतल्या एकालाही माहीत नव्हतं.

दुसरा राग अध्यक्षांवर. ते तुमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आणि आमच्याकडचा निम्मा कांदा उचलणारे व्यापारीही. त्या बैठकीत ते हसत होते. पण मला त्याचं काही नाही. मला राग आहे तो तुमच्या प्रयोगशाळेतल्या पंख्याचा. उंदरांना द्यायचं ते विष उडून जाणारं. त्याला गोडसर वास येतो, आणि तो वास तुझ्या ओढणीला यायचा. मी विचारलं की तू म्हणायचीस, ते काचेच्या पेटीत हाताळायचं असतं, वरचा पंखा वाफ बाहेर ओढतो. एकदा मी तुला डबा द्यायला आले तेव्हा ती पेटी पाहिली. तिच्यात स्नेहसंमेलनाची थर्माकोलची कमान ठेवली होती, आणि पंख्यात चिमणीचं घरटं होतं. तू खिडकी उघडून, नाकाला ओढणी बांधून काम करत होतीस. मी ओरडले. तू म्हणालीस, “सांगितलंय त्यांना. करतील.” किती वर्षं तू सांगत होतीस, ताई? सांगायचीस, त्यांच्या केबिनमध्ये चहा प्यायचीस आणि परत यायचीस.

म्हणून तिसरा राग तुझ्यावर. तू कधी आवाज चढवला नाहीस. मला दटावायचीस, सुधीरची फिरकी घ्यायचीस, आपल्या आईशी तर दिवसदिवस भांडायचीस, आणि त्या माणसासमोर मात्र ‘सर, जमेल तेव्हा’. मुलांना सगळ्यांत लांबच्या टेबलावर बसवायचीस आणि बाटली स्वतः उघडायचीस. ह्याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही. लोक त्याग म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

तुझे डोळे पिवळे झाले तेव्हा यकृताचा बराचसा भाग गेलेलाच होता. डॉक्टर म्हणाले, नेमकं कशानं झालं ते सांगता येणार नाही. मी पंख्याचं सांगितलं. ते म्हणाले, असूही शकेल, नसूही शकेल. आणि तू, पलंगावर पडल्या पडल्या, माझ्याऐवजी त्यांना दुजोरा दिलास. “पुरावा नाय गो. कुणावर उगाच आळ घालू नको.” ताई, मी काय प्रबंध लिहायला बसले होते? मला माझी बहीण हवी होती.

त्या दिवशीचं भांडण आपलं अर्धंच राहिलं. मी घरून लाल कांद्याच्या सालीचा काढा करून थर्मासमधून आणला होता. गाळून, गूळ घालून, तुला आवडेल असा. मला वाटलं, बाई, तुझे उंदीर ह्यानं वाचतात तर तू का नाही? तू झाकण उघडलंस, वास घेतलास, आणि म्हणालीस, “रंग चांगला उतरलाय.” मग झाकण लावून मला परत दिलंस.

“पी,” मी म्हटलं.

“उंदरांना आपण आधी देतो गो. विष नंतर.”

“पिऊन बघायला काय जातंय?”

“जातं. गंजलेल्या यकृतावर अजून एक काम पडतं. आणि मी प्यायले, उद्या दोन दिवस बरी दिसले, तर तू गावभर सांगशील. कुणीतरी औषध सोडून साली उकळत बसेल.”

“मग बसू दे!”

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या त्या पिवळ्या डोळ्यांनी. म्हणालीस, “असं नको बोलू.” मी तो काढा तिथल्या बेसिनमध्ये ओतला. बेसिन पिवळं झालं आणि नर्स मला बोलली. मी उत्तर शोधत होते, तुला ठणकावून द्यायचं, चांगलं जोरदार, आणि ते सापडायच्या आत तू बोलायची थांबलीस ती कायमचीच. मला ते उत्तर अजून सापडलेलं नाही. सापडलं तरी आता कुणाला देऊ?

तू गेल्यावर घरी भेटायला माणसं येत होती. हिराआत्या माझ्याशेजारी बसली, पाठीवरनं हात फिरवला आणि म्हणाली, “डोलं पिवलं झालं होतं म्हणं. आपला पांढरा कांदा खाल्ला असता तर पोर जगली असती गो. लालचा नाद लागला न् गेली.” तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. घरात माणसं होती आणि ती म्हातारी आहे, म्हणून मी तिला चहा आणून दिला. पण ते वाक्य मग गावात फिरायला लागलं. दूध घालायला गेले तर तिथं ऐकलं. चौलच्या बाजारात एकीनं मलाच सांगितलं, मी तुझी बहीण आहे हे माहीत नसताना.

आणि अध्यक्षांनी ते उचललं. त्यांना पांढऱ्या कांद्याची भुकटी काढायची आहे, पाकिटात घालून. पाकिटावर लिहायचं ‘यकृतरक्षक’, खाली तुझा फोटो, आणि ‘कैलासवासी डॉक्टर मॅडम यांच्या संशोधनातून’. सुधीरशी ते आधीच बोलले होते. आमचा सगळा कांदा जागेवरून उचलणार, रस्त्यावर उभं राहायला नको, माळा विणायला नकोत. फक्त शोकसभेत मी घरची म्हणून दोन शब्द बोलायचे आणि कुटुंबाचा आशीर्वाद आहे एवढं म्हणायचं.

मी सुधीरला म्हटलं, “ती ह्याच्या उलट सांगायची.”

तो म्हणाला, “सांगायची. पण आता तिचा काय जातंय? आपला माल तरी जाईल.” मग माझं तोंड बघून हळू आवाजात म्हणाला, “तुझी कंबर बघ एकदा. उन्हात बसून बसून काय हालत झाली हाय.” सुधीर वाईट माणूस नाही, तुला माहीतच आहे. त्याच्या त्या दुसऱ्या वाक्यामुळे मी आतून डगमगले. माझी कंबर खरंच दुखते, आणि तू खरंच परत येऊन काही म्हणणार नव्हतीस.

सभेत अध्यक्ष खूप छान बोलले. तुझ्या साधेपणाबद्दल बोलले. तू कधी कशाची तक्रार केली नाहीस, संस्थेकडे कधी काही मागितलं नाहीस, असं ते म्हणाले, आणि मला त्या पंख्यातली चिमणी आठवली. मग त्यांनी भुकटीचं जाहीर केलं. म्हणाले, “मॅडमचं अपुरं स्वप्न आपण पुरं करतो आहोत,” आणि स्वतःच्या हातानं ती माळ तुझ्या फोटोला घातली. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजत नाहीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग माझं नाव घेतलं.

मी माइकसमोर गेले. सुधीर दुसऱ्या रांगेत होता, हिराआत्या त्याच्या बाजूला. मी लिहून काही नेलं नव्हतं. पहिल्यांदा मी फोटोजवळ गेले आणि माळ काढली. अध्यक्ष हसून म्हणाले, “असू द्या की, मॅडमचा कांदा आहे.” मी म्हटलं, “माझा आहे. मी विणलाय.”

मग मी जे बोलले ते तुला सांगते, कारण तुझ्याबद्दल होतं आणि तू ऐकलं नाहीस.

मी म्हटलं, माझी बहीण लहानपणापासून हा पांढरा कांदा खात आली. आमच्या शेतातला. कच्चा, मुठीनं फोडून, मीठ लावून. हंगामात रोज, आणि हंगाम संपला की टांगलेल्या माळेतला शेवटचा कांदा सुकेपर्यंत. माझ्या सासरी ती यायची ती आधी कांदा मागायची, मग पाणी. ह्या हॉलमध्ये तिच्याएवढा पांढरा कांदा कुणी खाल्ला नसेल. ह्या कांद्यानं यकृत वाचत असतं तर ती आज इथं बसली असती आणि हा फोटो भिंतीवर नसता. आत्या, ऐकलंस ना? ती खायची. मग मी अध्यक्षांकडे वळून म्हटलं, तिनं मागितलं होतं साहेब. तिनं पंखा मागितला होता. तिच्या उंदरांना विषाच्या आधी औषध मिळायचं. तिला पंखासुद्धा मिळाला नाही. तुमच्या पाकिटावर काय लिहायचं ते लिहा, तिचं नाव आणि तोंड त्याच्यावर येणार नाही.

मागच्या बाकांवर तुझ्या विद्यार्थिनी बसल्या होत्या, त्यांतली एक मोठ्यानं रडायला लागली आणि मग बऱ्याच जणी. हिराआत्या पदर तोंडाला लावून खाली बघत राहिली. अध्यक्षांनी आभारप्रदर्शन उरकायला सांगितलं. मी ती माळ खांद्यावर टाकून बाहेर आले आणि पायरीवर बसले. थोड्या वेळानं सुधीर आला. माळ माझ्या खांद्यावरून घेतली आणि गाडीत ठेवली.

कांदा त्यांनी उचलला नाही, अर्थात. आम्ही रस्त्यावरच आहोत. सुधीर पहिले काही दिवस घुम्यासारखा होता, आता माळा विणायला बसतो. त्याला वेणी सैल येते, मी परत आवळते. पाकिटं निघाली आहेत म्हणे, तुझ्या फोटोशिवाय. आणि पंखा बसवला. तुझी ती रडणारी विद्यार्थिनी सांगायला आली होती, त्या सभेनंतर लगेचच माणूस आला, कमान बाहेर काढली, घरटं काढलं, आणि दुपारपर्यंत पंखा फिरायला लागलासुद्धा. एका सकाळचं काम होतं, ताई. मला वाटलं होतं, ते ऐकून बरं वाटेल. मी त्या पोरीला पाणी दिलं, आत गेले आणि भिंतीवर हात आपटला.

तरी त्या मुलींना पंखा विषाच्या आधी मिळाला. एवढं मी मान्य करते. तुझ्याकडून शिकलेलं आहे, नाहीतर मी एवढंही केलं नसतं. पातेल्यातली पट्टी पांढरी निघाली तर पांढरीच म्हणायची, मग घरचं पीक असो की घरचं माणूस. तू रविवारी माझ्या स्टॉलवर बसायचीस आणि माझी गिऱ्हाइकं घालवायचीस. एका बाईनं विचारलं होतं, “हार्टला चांगला असतो ना हा?” तर तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, “तोंडाला चांगला असतो.” ती निघून गेली, आणि मी तुला चांगलं झापलं. आता तेच उत्तर मी देते. कुणी विचारलंच की लिव्हरला चालतो का, तर म्हणते, तोंडाला चांगला आहे. काही जातात. काही हसून दोन माळा जास्त घेतात.

पण एक राहिलं. सभेतून घरी येईपर्यंत मला वाटत होतं, काय बोलले मी, सगळ्यांची तोंडं बंद केली. आणि रात्रीची भाकरी थापताना एकदम तुझा आवाज आला, तोच तो, चष्मा वर सरकवतानाचा. ‘एका माणसावरून काय सिद्ध होत नाय गो. मी पांढरा खाल्ला आणि गेले, म्हणून पांढरा निरुपयोगी, असा निष्कर्ष निघत नाय. तू पण आत्यासारखंच बोललीस.’

ठाऊक आहे मला. माझं चुकलं असेल. तुझ्या शास्त्रात ते एका ओळीतसुद्धा टिकणार नाही. पण मी ते मागं घेणार नाही. तुला पटत नसेल तर ये, माझ्यासमोर बस, हा कांदा फोडून ठेवलाय, मीठ लावलंय, आणि मला खोटं पाड.